राहतं घर विकताना बघायला येणाऱ्यांची वर्दळ कशी निभवायची?

ओसरी

घर विकायला काढलं की जाहिरात दिल्यानंतरचे आठवडे सगळ्यात दमवणारे असतात. एजंटचा फोन येतो, "अर्ध्या तासात एका कुटुंबाला घेऊन येतोय." त्या वेळी आजींची दुपारची झोप चालू असते, मुलांची पुस्तकं जमिनीवर पसरलेली असतात, कपडे वाळत असतात आणि मांजर सोफ्यावर असतं. विक्रीचे पैसे हातात आल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही, म्हणून घर आधी रिकामं करणं शक्य नाही. घर जुनं आहे, तीन भावंडांच्या नावावर आहे आणि त्यातली दोघं परगावी राहतात.

तीन प्रश्न आहेत. घर कायम तयार ठेवायचं की वेळा ठरवून घ्यायच्या? लोक बघत असताना घरच्यांनी थांबावं की बाहेर जावं? आणि आजींना रोजच्या ये-जा करणाऱ्यांचा त्रास होऊ न देता हे कसं जमवायचं? जाणकारांनी शक्य तितकं तपशिलात लिहा.

कडीकोयंडा

वेळा ठरवूनच घ्या. पाच माणसांचं राहतं घर चोवीस तास दाखवण्याजोगं ठेवता येत नाही. तसा प्रयत्न केला तर दोन आठवड्यांत घरातले सगळे एकमेकांवर चिडायला लागतात.

आठवड्यात दोन वेळा राखून ठेवा: एक सुट्टीच्या दिवशी सकाळी, एक कामाच्या दिवशी संध्याकाळी, प्रत्येकी अडीच-तीन तास. त्यात प्रत्येक कुटुंबाला २५-३० मिनिटं आणि मध्ये १० मिनिटं मोकळी. म्हणजे एकदा आवरलं की चार-पाच जणांचं बघून होतं. मधली १० मिनिटं सोडू नका, कारण पहिले लोक निघताना दारातच प्रश्न विचारत थांबतात आणि पुढचे तोवर येऊन उभे राहतात. एजंटला हे तोंडी सांगून भागत नाही. मेसेज करून ठेवा: या दोन वेळा, किमान २४ तास आधी सूचना, येणाऱ्याचं नाव आणि किती जण येणार ते.

सकाळची वेळ घड्याळावरून ठरवू नका, उजेडावरून ठरवा. मुख्य खोलीत ऊन किंवा चांगला उजेड कधी येतो ते दोन दिवस बघा आणि तीच वेळ द्या.

नीरजा७

कडीकोयंडा यांच्याशी बरंचसं सहमत, पण पहिल्या दोन आठवड्यांत इतकं आखडून चालत नाही. जाहिरात नवी असते तेव्हा आधीपासून शोधात असलेले, पैशांची तयारी झालेले लोक लगेच येतात. त्यांना "पुढच्या शनिवारी या" म्हटलं की ते तोवर दुसरं घर बघून मोकळे होतात. पहिले दोन आठवडे आठवड्याला चार वेळा द्या, नंतर दोनवर या. परगावाहून एका दिवसासाठी येणाऱ्यांना आणि दुसऱ्यांदा बघायला येणाऱ्यांना वेगळी वेळ द्यायला हरकत नाही.

कडीकोयंडा

@नीरजा७, पहिल्या दोन आठवड्यांचं मान्य. पण २४ तासांची अट तेव्हाही सोडू नये. अर्ध्या तासात येतो म्हणणारं गिऱ्हाईक खरंच इच्छुक असेल तर उद्याही येतं.

फडताळ

आता आवरण्याबद्दल. रोजचं आवरणं सोपं व्हायला हवं असेल तर खरं काम जाहिरातीच्या आधीच उरकायला हवं. घरातलं साधारण एक तृतीयांश सामान घराबाहेर गेलं पाहिजे. खोकी भरून एका खोलीत रचली तर ती खोली बघणाऱ्याच्या हिशेबातून बाद होते, आणि घरात सामान ठेवायला जागा कमी आहे हेच तो लक्षात ठेवतो. नातेवाइकांकडे, भाड्याच्या गोदामात, कुठेही, पण बाहेर.

भिंतीतली कपाटं आणि माळे लोक उघडून बघतात आणि बघणारच, ती घराबरोबर जाणार असतात. ती दोन तृतीयांशच भरलेली ठेवा. काठोकाठ भरलेलं कपाट उघडल्यावर मोठं असूनही लहान वाटतं.

मग रोजच्यासाठी अर्ध्या तासाचा क्रम. घरातल्या प्रत्येकाला झाकणाची एकेक टोपली. वेळ झाली की उघड्यावरचं सगळं आपापल्या टोपलीत आणि टोपली पलंगाखाली किंवा गाडीच्या डिकीत. त्यानंतर याच क्रमाने:

सगळ्या खिडक्या उघडून आरपार हवा, १५ मिनिटं. तेवढ्यात पलंग नीट करायचे, ओटा आणि सिंक रिकामं करून कोरडं पुसायचं, कचऱ्याचे डबे बाहेर. न्हाणीघरात ओले टॉवेल काढून कोरडे लावायचे, कमोडचं झाकण बंद, आरसा आणि नळ कोरड्या फडक्याने. जमीन सगळ्यात शेवटी आणि आतून दाराकडे. अगदी शेवटी पडदे सारून सगळे दिवे लावायचे, दिवसाही. वॉशिंग मशीन आणि टीव्ही बंद.

हा क्रम कागदावर लिहून फ्रिजला लावा, म्हणजे मुलंही आपापला भाग करू शकतात. लोक यायच्या आधी तो कागद काढायला विसरू नका.

भटक्या_मी

आणि मांजर?

फडताळ

मांजर त्या वेळेपुरतं घराबाहेरच हवं. बाहेर नेता आलं नाही तर पिंजऱ्यात, आणि पिंजऱ्यावर चिठ्ठी: "उघडू नये." काहींना मांजराची ॲलर्जी असते, काहींना भीती वाटते, आणि उघड्या दारातून ते सटकलं तर पुढची सगळी भेट मांजर शोधण्यात जाते. पिंजरा आठवडाभर आधीपासून उघडा ठेवून त्यात त्याचं अंथरूण घाला, म्हणजे ऐन वेळी झटापट होत नाही. त्याचा शी-शूचा मातीचा ट्रे रोज साफ करा आणि भेटीआधी बाहेर ठेवा.

भटक्या_मी

मांजराला विचारलं तर तेच सगळ्यांना घर फिरवून दाखवायला तयार होईल :)

चौकसबुवा

वासाचं काय करायचं? एजंट लोक सुवासिक मेणबत्त्या, स्प्रे असं काहीतरी सुचवतात. त्याचा खरंच उपयोग होतो का?

पाणपोई

नाही, उलट नुकसान होतं. दार उघडताच उग्र सुगंध आला की बघणारा पहिला विचार हाच करतो की इथे काय लपवलंय. वासाचं मूळ शोधून काढायला हवं.

आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, कारण नाक त्याला काही मिनिटांतच सरावतं. म्हणून बाहेरच्या, स्पष्ट बोलणाऱ्या माणसाला बोलवा आणि दारात पाऊल टाकल्या क्षणी काय जाणवलं ते विचारा. दहा मिनिटांनी विचारून उपयोग नाही, तोवर त्याचंही नाक सरावलेलं असतं.

सगळ्यात जास्त वेळा सुटणारं कारण म्हणजे वापरात नसलेलं न्हाणीघर. जमिनीतल्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये साधारण ५ सेंटीमीटर पाणी असतं आणि गटारातली हवा घरात येऊ न देण्याचं काम तेवढं पाणीच करतं. आठवडेच्या आठवडे पाणी ओतलं नाही की ते आटतं आणि त्या खोलीत कुबट, गटारासारखा वास सुटतो. लोक फिनेल टाकत राहतात, वास जात नाही. उपाय इतकाच की दर आठवड्याला प्रत्येक जाळीत एक-दोन तांबे पाणी ओतायचं. घर काही दिवस बंद राहणार असेल तर पाण्यावर दोन चमचे तेल सोडा, ते वर तरंगतं आणि पाणी सावकाश आटतं. पाणी ओतूनही वास येत असेल तर ट्रॅप फुटला आहे किंवा कमोडच्या बुडाशी सांधा सुटला आहे, तिथे प्लंबरच हवा.

दुसरं मूळ म्हणजे कापड. पडदे, सोफ्याची कव्हरं, गाद्या आणि गालिचा यांत तळणाचा, धुराचा, प्राण्यांचा वास मुरतो. पडदे आणि कव्हरं धुवा. गालिच्यावर खायचा सोडा भुरभुरवून अर्धा तास तरी ठेवा आणि मग व्हॅक्यूम करा. भेटीच्या आदल्या संध्याकाळपासून तळण बंद.

मृण्मयी

पाणपोई, छान माहिती. नळांवरचे पांढरे डाग कशाने निघतात तेही सांगा.

पाणपोई

पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. त्यात भिजवलेलं फडकं नळाला १५-२० मिनिटं गुंडाळून ठेवा, मग घासून भरपूर पाण्याने धुवा. दोन गोष्टी मात्र नक्की पाळा. संगमरवर किंवा कुठल्याही चुनखडीच्या दगडावर व्हिनेगर लावू नका, आम्लाने दगडाची चकाकी कायमची जाते. आणि ब्लीच वापरलेल्या जागी व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही आम्ल मुळीच नको, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. लहानशा बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. घाईघाईच्या साफसफाईत दोन बाटल्या एकामागून एक ओतल्या जातात, म्हणून आवर्जून लिहितोय.

मोजपट्टी

जुनं घर म्हणताय म्हणून ओलीबद्दल लिहितो. यातच सगळ्यात जास्त चुका होतात.

ओल आलेल्या भिंतीवर विकण्यापुरता रंग मारायचा मोह आवरा. ओल आतून येत असेल तर नवा रंग काही आठवड्यांतच फुगतो, त्याखाली पांढरे क्षार दिसायला लागतात, आणि तो फुगवटा नेमका बघणाऱ्यासमोर उभा राहतो. जाणकार खरेदीदार एकाच भिंतीवर ताजा रंग बघून तिथेच हात लावतो.

आधी ओल कुठली ते ठरवा. फूटभर लांब-रुंद ॲल्युमिनियम फॉइल भिंतीला चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि २४ ते ४८ तास तसंच ठेवा. खोलीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ती खोलीतल्या दमट हवेची ओल आहे. तिथे हवा खेळती ठेवणं, कपडे आत न वाळवणं आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं पुरतं. फॉइलच्या मागे, भिंतीकडे ओल दिसली तर पाणी भिंतीतून येतंय. मग बाहेरच्या भेगा, गच्चीचा उतार, भिंतीतून जाणारी पाइप, जमिनीलगतचा भाग असं क्रमाने तपासावं लागतं. दुरुस्ती झाल्यावर भिंत पूर्ण वाळू द्या, मगच रंग.

रंगवायचं असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रंगवा. मध्येच ठिगळ मारलं तर डबा तोच असला तरी तिरप्या उजेडात डाग दिसतो, कारण जुना रंग उडालेला असतो. आणि हे सगळं पहिल्या भेटीच्या किमान दोन आठवडे आधी संपवा, म्हणजे रंगाचा वास राहत नाही.

बाकी लहान दुरुस्त्या स्वस्त असतात, पण त्यांचा परिणाम मोठा असतो. गळणाऱ्या नळाचा वायसर, करकरणाऱ्या बिजागरीला तेल, हलणारी मूठ, काळवंडलेले स्विच. न्हाणीघरात सांध्यांत भरलेलं, काळं पडलेलं सिलिकॉन पुसून जात नाही. ते पातीने पूर्ण कापून काढायचं, जागा कोरडी करायची, नवं भरायचं आणि २४ तास पाणी लागू द्यायचं नाही. जुन्यावर नवं चढवलं तर ते धरत नाही. बघणारा प्रत्येक मुठीला हात लावतो, आणि एक मूठ हातात आली की त्याला न दिसणाऱ्या पाइप आणि वायरिंगबद्दलही शंका येते.

चौकसबुवा

मग दुरुस्त न होणारे दोष सांगायचे की नाही?

मोजपट्टी

सांगायचे. सहज न दिसणारा मोठा दोष माहीत असून लपवणं अनेक देशांच्या कायद्यात महागात पडतं, आणि कायदा बाजूला ठेवला तरी खरेदीदाराचा तपासणीस तो शोधून काढतोच. तेव्हा किंमत पडते ती दोषापेक्षा जास्त, कारण विश्वास गेलेला असतो. एका पानावर लिहून ठेवा: वायरिंग कोणत्या वर्षी बदललं, छताची दुरुस्ती कधी झाली, टाकीची क्षमता किती, कुठली भिंत कधी ओलावली होती आणि काय केलं. पावत्यांच्या प्रती जोडा. हे पान आणि मापांसकट घराचा नकाशा टेबलावर ठेवला की निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

रानवारा

ओसरीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणीच वळलं नाही. माझं स्पष्ट मत: घरच्यांनी बाहेर जावं. मालक समोर असला की लोक कपाट उघडायला लाजतात, आपसात बोलत नाहीत, पाच मिनिटांत "छान आहे" म्हणून निघून जातात. त्यांना घरात आपलं फर्निचर कुठे बसेल याचा विचार करायला शांतता लागते. शिवाय घरचा माणूस बोलण्याच्या ओघात नको ते बोलून जातो, कधीपर्यंत निघायचंय, किती कमी घ्यायला तयार आहोत. तिथेच घासाघीस हरली जाते.

मृण्मयी

रानवारा, एजंट भरवशाचा असेल तरच हे ठीक. जुन्या घराच्या खुब्या एजंटला माहीत नसतात. मागच्या दाराचा खटका कसा उघडतो, गच्चीवरून पाणी कुठे उतरतं, शेजारची मोकळी जागा कुणाची, यावर तो "बघून सांगतो" म्हणतो आणि ते कधीच होत नाही. आणि अनोळखी माणसं घरभर फिरत असताना घरचं कुणीच नसणं हा सुरक्षेचाही प्रश्न आहे.

मधला मार्ग असा. घरातलं एकच माणूस थांबतं. दार उघडायचं, दोन मिनिटांत घराची रचना सांगायची आणि मग अंगणात किंवा बाल्कनीत जाऊन बसायचं. खोलीमागून खोलीत पाठलाग नको आणि "हे स्वयंपाकघर" असं सांगणंही नको, ते त्यांना दिसतंच. शेवटी दहा मिनिटं प्रश्नांसाठी. किंमत, निकड, इतर कोण बघून गेलं या तिन्हींवर एकच उत्तर: "ते एजंटशी बोला."

रानवारा

हे पटलं. फक्त ते एक माणूस घरावर कमी जीव असलेलं हवं. "ही भिंत पाडून टाकू" हे वाक्य बघणारे सहज बोलतात. त्यात अपमान करायचा हेतू नसतो, उलट ते तिथे राहण्याची कल्पना करत असतात आणि खरेदीच्या दृष्टीने हे चांगलंच लक्षण असतं. पण ज्याचं बालपण त्या भिंतीत गेलंय त्याला ते ऐकवत नाही. अशा माणसाने कागदपत्रांचं काम घ्यावं.

मृण्मयी

सुरक्षेचं राहिलं. दागिने आणि रोकड घरात नकोतच. ते सगळ्यांच्या लक्षात येतं, बाकीचं येत नाही. खुंटीवरच्या जादा किल्ल्या, औषधं, बँकेची पत्रं, पासपोर्ट, लॅपटॉप, मुलांच्या शाळेचं नाव असलेली प्रमाणपत्रं, वाय-फायचा पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी, आणि कोण कधी गावाला जाणार हे लिहिलेलं कॅलेंडर. जाहिरातीच्या फोटोंतूनही हे सगळं दिसतं, फोटो मोठा करून तपासा.

येणारे चार-पाच जण असतील तर एकत्रच फिरतील असं एजंटला बजावा. दोघं वर, दोघं खाली असं होऊ देऊ नका. व्हिडिओ काढायचा तर आधी विचारून.

सगळे गेल्यावर पाच मिनिटांची फेरी मारा: प्रत्येक खिडकीची कडी, मागचं दार, गच्चीचं दार, नळ, शेगडीची बटणं. बघणारा खिडकी उघडून बघतो आणि नुसती लोटून ठेवतो, कडी उघडीच राहते.

फडताळ

मृण्मयी, फोटोंवरून आठवलं. दिव्यांचे रंग एकसारखे करा. एका खोलीत एक पिवळा आणि एक पांढरा बल्ब असला की भिंत फोटोत डागाळलेली दिसते. बसायच्या-झोपायच्या खोल्यांत २७०० ते ३००० केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), ओट्यावर ४००० चालतो. खोक्यावर आकडा छापलेला असतो. आणि फोटो छातीच्या उंचीवरून, भिंतीच्या रेषा उभ्या ठेवून. अती वाइड लेन्सने खोली दुप्पट दाखवली तर येणारा माणूस दारातच हिरमुसतो.

नीरजा७

तीन भावंडांचा मुद्दा सगळ्यात आधी मिटवा. जाहिरातीपूर्वी तिघांनी लेखी ठरवायचं: कमीत कमी किती किंमत, एजंटशी कोण बोलणार (एकच जण), आणि घरातल्या कुठल्या वस्तू विक्रीत नाहीत. हे शेवटचं फार लोक विसरतात. भिंतीवरचा जुना आरसा, झुंबर, कोरीव दार, झोपाळा हे बघणाऱ्याच्या डोळ्यांत घराचाच भाग असतात. एखादी वस्तू कुणाला हवी असेल तर ती पहिल्या भेटीच्या आधी काढून तिथे साधी वस्तू लावा. काढता येत नसेल तर लेखी यादीत टाका. दाखवून नंतर "हे नेणार आहोत" म्हटलं की ठरत आलेला व्यवहार मोडतो.

परगावच्या दोघांना दर आठवड्याला एक छोटा तक्ता पाठवा: किती जण आले, काय म्हणाले, कोण दुसऱ्यांदा येणार. प्रतिक्रिया एकाच माणसाची असेल तर सोडून द्या, बघून गेलेल्यांपैकी तिघांनी तेच म्हटलं तर हालचाल करा. फोनच येत नसतील तर जाहिरात, फोटो किंवा किंमत बघा. लोक येतात, बघतात, पण बोली कुणीच लावत नसेल तर बहुतेक वेळा किंमत जास्त असते, आणखी आवरून काही होत नाही.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. वेळा, एकच माणूस थांबणं आणि लेखी यादी हे लगेच ठरवतो. पण आजींचं अजून राहिलंच. त्यांना दर वेळी बाहेर नेणं शक्य नाही, चालायला वॉकर लागतो.

कडीकोयंडा

मग वेळा आजींच्या दिवसाभोवती आखा. औषधं, जेवण आणि दुपारची झोप यांचे तास एजंटच्या मेसेजमध्ये "या वेळेत नाही" म्हणून सरळ लिहा. एका दिवसात तीनपेक्षा जास्त कुटुंबं नकोत, मी वर चार-पाच लिहिलं ते अशा घराला लागू नाही. आणि त्यांची तब्येत बरी नसेल त्या दिवशी भेट रद्द करण्याचा हक्क तुम्हाला आहे, तो वापरा.

पाणपोई

त्यांची खोली सगळ्यात शेवटी दाखवायची. तोवर आजी खोलीत बसू शकतात, मग शेवटच्या दोन मिनिटांपुरतं दार उघडायचं. येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं की घरात वयस्क माणूस आहे, तर बहुतेक जण दारातूनच बघून घेतात. पलंगावर असतील तर त्या खोलीचे फोटो आणि मापं टेबलावर ठेवून खोली दाखवलीच नाही तरी चालतं. खरंच घ्यायचंय तो दुसऱ्या भेटीत बघेल.

वॉकरच्या वाटेवरून लोकांच्या चपला, पिशव्या, ओल्या छत्र्या बाजूला राहतील अशी जागा दाराबाहेर करून ठेवा. ओल्या फरशीवर पडण्याचा धोका सगळ्यात मोठा, म्हणून दाराच्या आत आणि बाहेर न सरकणारं पायपुसणं हवंच.

मृण्मयी

आणि आजींना आदल्या दिवशी सांगा: कोण येणार, किती वाजता, किती वेळ. घर त्यांचंही आहे. कुठली खोली दाखवायची, भिंतीवरचे कुठले फोटो काढायचे, हे त्यांना विचारून ठरवा. काढलेले फोटो खोक्यात बंद करण्याऐवजी त्यांच्या पलंगाशेजारच्या कप्प्यात हाताशी ठेवा.

फडताळ

त्यांची औषधं मात्र टोपलीत घालून लपवू नका, शोधाशोधीत एखादी वेळ चुकते. झाकणाचा वेगळा डबा करा आणि भेटीच्या वेळी घरात थांबणाऱ्या माणसाच्या हातात द्या. खिडक्यांच्या कड्या तपासायच्या फेरीत शेवटचं काम तेच: डबा परत जागेवर.